पेंटरांच्या घरातली हसरी बाई

साहेब, माझा आरोप सरळ आहे. तुमच्या खात्यानं माझ्या आईचं तोंड तिच्या हयातीत दुसऱ्याच्या नावावर केलं. सातबारा फिरवलेला मी ऐकलाय, घराचा उतारा फिरवलेला डोळ्यांनी पाहिलाय. पण माणसाचं तोंड फिरवलेलं आमच्या शिवाजी पेठेत हे पहिलंच. आणि तेही चोरून नव्हे. भर दुपारी, पंचांच्या समक्ष, आमच्याच घरचा चहा पिऊन.

तुमचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर अब्रूनुकसानीचा दावा लावाल आणि माझ्याकडून वकील म्हणून माझा मेव्हणा उभा राहील, म्हणजे मी हरलोच. माझं नाव मात्र घ्या. जोतीराम, सयाजी पेंटरांचा मुलगा. सातवी पास. पुढचं लिहिणं-वाचणं छापखान्यात खिळे जुळवता जुळवता शिकलो. खिळा उलटा असतो. त्यामुळे सरळ दिसणारी माणसंसुद्धा आधी उलटी करून वाचायची मला सवय लागली. तुम्हाला मात्र मी आधी सरळच वाचलं, तिथं फसलो.

भानगडीला सुरुवात झाली ती एका पाटीवरून. वडील जाऊन पाच-सात वर्षं झाली होती. चौऱ्याण्णव साल असेल. आई एक दिवस म्हणाली, पेंटरांच्या नावाची एक पाटी लाव दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे. काम तासाभराचं. कडाप्प्याचा तुकडा, चार अक्षरं, सिमेंटचा गोळा. मी गवंडी सांगूनही आलो होतो. पण आमच्या समोर अण्णासोंचं तेलाचं दुकान आहे. अण्णासो तेल मोजून देतात आणि सल्ला न मोजता. त्यांनी मला दुकानात बसवून घेतलं आणि सांगितलं, "जोतीराम, आपली पाटी आपण लावली तर ती दुकानाची पाटी. सरकारनं लावली तर इतिहास. अर्ज कर की."

मी अर्ज केला. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात महागडी चूक, आणि मी लग्नही केलेलं आहे.

तुमच्या स्मारकं-संग्रहालयांच्या कचेरीत मला कळलं की पाटी फक्त स्मारकाला मिळते. घर स्मारक व्हायचं तर ते आधी ऐतिहासिक ठरावं लागतं. आणि त्यात माणसं राहत असतील तर ते ऐतिहासिक ठरत नाही, ते नुसतं घर असतं. मी म्हटलं, वडील तिथं राहिले म्हणून तर ते ऐतिहासिक. तुमचा कारकून म्हणाला, "ते राहिले, तुम्ही राहताय. फरक आहे." हा फरक समजून घेण्यात माझी चार वर्षं आणि दोन चपलांचे जोड गेले. शेवटी तोड निघाली. पुढच्या दोन खोल्या संग्रहालयाला, मागच्या दोन आईच्या हयातीपर्यंत आमच्याकडे. पाटी मागायला गेलो होतो, घर देऊन आलो. पेठेत माझं फार कौतुक झालं. तालमीपुढं माझा सत्कार झाला, फेटा बांधला. फेटा ज्यानं बांधला तोच नंतर म्हणाला, एवढं शाणं माणूस मी आजवर बघितलं न्हाय. कोणत्या अर्थानं, ते मी विचारलं नाही.

पाटीही आली, संगमरवरी. तिच्यावर उद्घाटकांचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, तुमचं आहे. वडिलांचं शोधायला बोट फिरवावं लागतं.

उद्घाटनाच्या आधी तुमचे रंगारी आले. वडील ज्या भिंतीला आयुष्यभर ब्रश पुसत आले, ती भिंत त्यांनी खरवडून पांढरी केली, कारण पाहुण्यांना ती घाण दिसली असती. मग 'चित्रकाराचे शयनगृह' म्हणून तुम्ही कुठल्याशा संस्थानी बंगल्यातला मच्छरदाणीचा पलंग आणून मांडलात. वडील जन्मभर घोंगड्यावर निजले. काचेच्या कपाटात 'चित्रकाराचा चष्मा' ठेवलाय, तो माझ्या चुलत्याचा. तो माणूस गवताचा व्यापार करायचा आणि चित्राचा त्याला तिटकारा होता. मी हे सगळं तुम्हाला तोंडी सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघणाऱ्याला चष्मा दिसल्याशी कारण.

आणि मिरच्या. उन्हाळ्यात कोल्हापुरातलं प्रत्येक घर वर्षाची चटणी करतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं दिसतं. बाळाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मागच्या अंगणात मिरच्या भाजायला घेतल्या आणि त्याच वेळी पुढच्या खोलीत तुमचे मुंबईचे तज्ज्ञ वडिलांच्या रंगलेपनावर बोलत होते. ते ठसकले, त्यांना पाणी दिलं, ते परत ठसकले. आठवड्यात नोटीस लागली: संरक्षित वास्तूच्या परिसरात मिरची भाजण्यास मनाई. बाळाबाई तेव्हापासून माहेरी जाऊन चटणी करून आणते आणि दर वेळी आठ दिवस जास्त राहते. ह्यात माझा फायदा का तोटा, ते मी अजून ठरवलेलं नाही.

हे सगळं मी सोसलं. खोटा पलंग सोसला, चुलत्याचा चष्मा सोसला. आईच्या तोंडाचं मात्र सोसणार नाही. त्यासाठी वडिलांचा धंदा काय होता, ते आधी सांगावं लागेल. तुमच्या माहितीपत्रकात तो नाही.

आमच्या वडिलांचा हातखंडा म्हणजे मेलेल्या बायका. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं मानणारी घरं तेव्हा पुष्कळ होती. बाई जिती असेतो कॅमेऱ्यापुढं उभी राहायची नाही, आणि गेली की तेराव्याला घरात रडारड, भिंतीवर लावायला काही नाही म्हणून. मग सयाजी पेंटरांना बोलावणं यायचं. वडील नेसरी, चंदगड, कुठंही एसटीनं जायचे. नातेवाइकांना ओळीनं बसवून विचारायचे, नाक कुणावर होतं? धाकट्या बहिणीवर. कपाळ? थोरल्या लेकावर. तेवढं पेन्सिलीनं टिपून, त्या बाईचं लुगडं आणि नथ मागून घेऊन घरी यायचे. आणि ते लुगडं आई नेसायची, ती नथ आई घालायची, आणि खिडकीपाशी दुपारभर मेलेली बाई होऊन बसायची.

लिंगायताच्या घरची असली की कपाळाला विभूती, मराठ्याच्या घरची असली की कुंकवाची चिरी. आईनं सगळ्या जातींत मरून पाहिलं. नाक बदलायचं, कपाळ बदलायचं, डोळे मात्र दर वेळी आईचेच. वडील म्हणायचे, नाक सगळ्यांना आठवतं, डोळे कुणालाच धड आठवत नाहीत. आणि त्यांचं खरं असावं, कारण चित्र बघून माणसं हंबरडा फोडायची, हुबेहूब म्हणायची. साहेब, ह्या जिल्ह्यात जुन्या घरांच्या भिंतींवर ज्या कैलासवासी आज्ज्या लटकल्यात, त्यांतल्या निम्म्या माझी आई आहेत. ह्याचा तिला मान मिळाला असं समजू नका. पेठेतल्या बायका तिला डोहाळजेवणाला बोलवत नसत. मेलेलीचं लुगडं नेसते म्हणायच्या.

वडील आधी लहान चित्र काढायचे, घरच्यांच्या पसंतीसाठी. पसंत पडलं की मोठं काढून द्यायचे आणि लहान आमच्या माळ्यावर जायचं. तीच तुम्ही सोनेरी चौकटीत घालून पुढच्या खोलीत टांगलीत. त्यात एक निराळं आहे. त्यात नथ नाही, दुसऱ्या कुणाचं लुगडं नाही, गळ्यात नुसती काळी पोत. मांडीवर सूप, सुपात जोंधळे, आणि बाई दात दाखवून हसते आहे. कशाला हसली होती ते आईला आठवत नाही. वडील म्हणाले तशीच ऱ्हा, ती राहिली, एवढंच आठवतं. वडिलांनी तिला तिच्याच नाकासकट काढलेलं ते एकच चित्र.

मेलेल्या बाईचं हसरं चित्र कोण काढून घेईल, साहेब? भिंतीवरून सासू हसायला लागली तर सुनांना घास उतरेल का? पण तुम्ही त्याखाली चिठ्ठी लावलीत: 'सस्मित कुलीन स्त्री (अज्ञात)'.

मी तुमच्याकडे आलो. ही अज्ञात नाही, ही चिमणाबाई, ती मागच्या खोलीत भाकरी खाते आहे. तुम्ही पुरावा मागितलात. चित्राच्या मागं नाव आहे का? नाही. बायकोच्या चित्रामागं नाव लिहायला ती काय हरवणार होती? मग तुम्ही येऊन आईला निरखून पाहिलंत आणि म्हणालात, नाक जुळत नाही. ऐंशीला आलेल्या माणसाचं नाक खाली उतरतं, तुमचंही उतरेल. शेवटी तुम्ही तिला हसून दाखवायला सांगितलंत. तोंडात दात नाहीत, समोर तुम्ही आणि तुमचा शिपाई. ती म्हणाली, "काय बघून हसू?"

तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, जाऊ दे आई, नावात काय आहे. तर ती चुलीपुढून उठून आली. "मला ते चित्र घरात नको. हाय तिथंच असू दे. खाली माजं नाव लिवा, आन मी जिती हाय तवर लिवा. मेल्यावर लिवलं तर त्या बाकीच्यांतलीच एक हुईन मी." एवढंच तिचं मागणं. चार अक्षरांची पाटी. आमच्या घराण्याला पाट्यांचं काहीतरी वाकडं आहे.

मी अर्जांवर अर्ज करत होतो, तेवढ्यात चंदगडहून राजवर्धनदादा आले. काजूचा कारखाना, शाळा, आणि पुढच्या निवडणुकीची तयारी. संग्रहालय बघता बघता ते हसऱ्या बाईपुढं थबकले आणि म्हणाले, "ही आमची आज्जी. आक्कासाहेब." का म्हणणार नाहीत? त्यांच्या वाड्याच्या सोप्यात आक्कासाहेबांचं मोठं चित्र आहे, सयाजी पेंटरांनीच काढलेलं. त्यातले डोळे कुणाचे, हे मी वर सांगितलंच आहे. माझ्याकडं पुरावा मागितलात, त्यांना मात्र खुर्ची दिलीत. मी म्हटलं, ही जोंधळे निवडते आहे, तुमच्या आज्जी सरदारघरच्या. दादा म्हणाले, आज्जीला कामाची हौस होती. मी म्हटलं, हसते आहे. म्हणाले, आज्जी हसरीच होती. दादा जन्मले तेव्हा आज्जीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती.

दादांना ते चित्र शाळेच्या नव्या सभागृहात हवं, सभागृहाला आक्कासाहेबांचं नाव. तुम्ही लगेच दीर्घ मुदतीसाठी द्यायला तयार झालात. चंदगडात, साहेब! तिथं पावसाळ्यात काडेपेटीसुद्धा चुलीपाशी ठेवावी लागते. दोन पावसाळ्यांत आईला बुरशीच्या मिशा फुटतील. मी पुढच्या खोलीत जाऊन असा काही आवाज काढला की तालमीतली पोरं लंगोटावर धावत आली. तेव्हा कुठं तुम्ही म्हणालात, ठीक आहे, नात्यातलं माणूस समक्ष येऊन ओळख पटवेल. दिवस दादांनी ठरवला. पितृपक्ष, म्हणजे म्हाळाचे दिवस होते, आणि आक्कासाहेब सवाष्ण गेलेल्या, म्हणून अविधवा नवमी. ओळखही पटेल आणि नैवेद्यही दाखवून होईल. 'खाद्यपदार्थ आणू नयेत' ही तुमची पाटी त्या दिवसापुरती शिपायानं काढून उलटी ठेवली.

माझाही एक डाव होता. सकाळीच आईला तिचं जुनं लुगडं नेसवून मी चित्राच्या बरोब्बर खाली खुर्चीत बसवलं. वर ती, खाली ती. आंधळ्यालाही कळेल असं मला वाटलं. आई भुकेली होती. मी म्हटलं, काम झाल्यावर जेव.

दादांच्या जीपमधून डबे उतरले, केळीचं पान उतरलं, आणि मागून त्यांच्या आत्या उतरल्या, धोंडुबाई. आक्कासाहेबांची लेक. साठीची बाई, काठी टेकत आली. पान वाढलं. खीर, वडे, भाजी, कढी. पान ठेवलं खिडकीत, कावळ्यासाठी. पण पारवे येतात म्हणून तुम्ही खिडक्यांना जाळ्या मारल्यात. कावळा बाहेर कठड्यावर बसून आत बघतोय, आम्ही आतून कावळ्याकडं बघतोय. जाळी काढायची तर मुंबईची परवानगी लागते, हे तुम्ही सगळ्यांना समजावून सांगत होतात. पंच म्हणून बोलावलेले अण्णासो कावळ्याला जाळीतून वडा दाखवत होते. आई वड्याकडं बघत होती.

धोंडुबाई एवढ्यात चित्रापुढं आल्या. वर बघितलं. मग खाली बघितलं. परत वर. ह्या बाईची आई ती चार वर्षांची असताना गेली. आईचा चेहरा म्हणून जन्मभर तिनं जे बघितलं, ते सोप्यातलं चित्र. माझ्या आईचे डोळे. काठी टाकून ती खुर्चीपाशी बसली आणि म्हणाली, "आये, किती वाळलीस गं."

मला वाटलं, जिंकलो. चित्रातली बाई ही खुर्चीतलीच, हे दादांच्या आत्याच सांगतायत. मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही दादांकडं बघितलंत. दादा म्हणत होते, आत्ती, उठ, त्या दुसऱ्या कुणी हायेत. पण आत्ती ऐकायच्या पलीकडं गेली होती. तिनं ताटातलं कुंकू चिमटीत घेऊन माझ्या आईच्या कपाळाला लावलं. वडील गेल्यापासून त्या कपाळाला कुंकू नव्हतं. मग पानावरचा वडा मोडून, खिरीत बुडवून तिनं हात पुढं केला. "कावळा शिवंना. तुजी काय विच्छा ऱ्हायल्या? येक घास खा, आये."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मागून मान हलवत होतो, हातानं नको नको करत होतो. कारण मला दिसत होतं, साहेब, तुम्ही खिशातून पेन काढलं होतं.

आईनं तोंड उघडलं.

ती अख्खं पान जेवली. धोंडुबाई भरवत होती आणि रडत होती. कावळा कंटाळून उडून गेला. आणि तुम्ही पंचनामा लिहिलात: मृत व्यक्तीच्या कन्येने ओळख पटवली, नैवेद्य हरकत न घेता स्वीकारण्यात आला, सबब चित्र आक्कासाहेबांचे. अण्णासोंनी सही केली. मी नंतर त्यांच्या दुकानात जाऊन वाट्टेल ते बोललो. ते म्हणाले, "खाल्लं तर खरंच की. खोटी सही कशी करू?" तेव्हापासून मी तेल दुसरीकडून आणतो. ते वासाला जरा कडवट आहे.

मागच्या खोलीत येऊन मी आईवरही ओरडलो. बाळाबाई तिचं कपाळ पुसायला ओला पदर घेऊन आली, तर आई म्हणाली, ऱ्हाऊ दे सांजपातूर. मग मला म्हणाली, "त्या पोरीची आय लहानपनीच गेली. म्हातारी झाली तरी घास घिऊन हुबी हुती. नको म्हनू व्हय तिला?" मी म्हटलं, अगं पण त्यानं तुझं चित्र गेलं. ती म्हणाली, वडं चांगलं झालतं. आणि मग, "जेवले म्हनून मी मेले व्हय रं, जोत्या?"

ह्याचं उत्तर तुमच्या खात्याकडं आहे, म्हणून हे लिहितोय आणि छापतोय, खिळे मी स्वतःच जुळवणार आहे. नैवेद्य जेवली ती आक्कासाहेब असेल, तर आक्कासाहेब जित्या आहेत. मग चंदगडच्या सोप्यातल्या चित्राचा हार उतरवा, राजवर्धनदादांना रोज सकाळी हिच्या पाया पडायला लावा, आणि काजूच्या कारखान्यात हिची खुर्ची मांडा. आणि ती आक्कासाहेब नसेल, ती चिमणाबाई असेल, तर तिचं तोंड तिला परत द्या. दोन्हींतलं एक. दोन्ही नको असतील तर धोंडुबाईंना तोंडावर सांगा की तुमची आई कशी दिसायची हे जगात कुणालाच माहीत नाही. मला ते सांगायचं धाडस नाही. तुमच्यात असेल तर बघा.

चित्र न्यायला तुमची लाकडी पेटी काल आली. पुढच्या खोलीत ठेवली आहे, आत भुसा भरून. आज सकाळपासून आई त्या पेटीवर बसून आहे. मी म्हटलं उठ, बाळाबाईनं म्हटलं उठा. ऐकत नाही. हात लावून उठवायला मी कुणाला देणार नाही, तालमीतली पोरंही देणार नाहीत. तेव्हा उद्या तुमची माणसं आली की त्यांना तिला हाक मारूनच उठवावं लागेल. कोणत्या नावानं मारणार हाक, साहेब? तेवढं आजच्या आज सांगा.